चिमटा

"अंगठ्याचं जरा बेतानं," राणी म्हणाली. "तिथलं मला दिसतबी न्हाई आणि पुरतबी न्हाई."

मी खालच्या पायरीवर बसून तिच्या पायाची नखं कापत होते. तिला सातवा महिना लागला होता आणि वाकता येत नव्हतं. वरच्या पायरीवर पाय सोडून, मांडीवर भाजक्या शेंगांचं सूप घेऊन ती बसली होती. शेंगा खात होती आणि टरफलं माझ्या डोक्यावर टाकत होती.

"मुद्दाम टाकतेस तू."

"व्हय. मास्तरणीच्या डोक्यात नुसती पुस्तकंच पडून कसं चालंल?"

वर्षाराणी माझी धाकटी बहीण. घरात सगळे तिला राणीच म्हणायचे. नवरा सैन्यात, सीमेवर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती उंबरवळ्याला आली होती. मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते, पण कोरोनामुळे वर्ग बंद होते, म्हणून मीही घरीच होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघी बायका आणि आईचा तो निळा डबा, ज्यात बर्फ घालून ती लशी घेऊन फिरायची.

आई गावच्या उपकेंद्राची नर्स होती. शालन सिस्टर. आसपासच्या वाड्यांवरची निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. तिचे हात चांगले होते आणि जीभ वाईट होती. कळा देणाऱ्या बाईला ती म्हणायची, "आता कशाला बोंबलतीस? तवा मला विचारलं हुतंस काय?" बायका तिच्यावर चिडायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिच्याकडेच यायच्या.

आई आता नाही. शेवटची वर्षं ती माझ्याकडे होती. माझ्या हातचं जेवायची, पण माझ्याशी बोलायची नाही.

"राणे, जाणार हायस काय शाळेत?" दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून पूनमनं विचारलं. पूनम शेजारच्या गुरवांची सून. तिलाही पाचवा सुरू होता. दोघींची पोटं जुळ्या भोपळ्यांसारखी दिसतात, असं राणी म्हणायची. "आज गरवारणींस्नी कोरोनाची लस हाय म्हणं."

"आई काय मला म्हणाली न्हाई."

"आमची सासू म्हणती, सिस्टरनं आपल्या लेकीला टोचली तर मग बघू. न्हाईतर न्हाई."

"आणि तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणणार? तू घेतलीस की मी घेती. पुढच्या खेपेला."

"हितंबी मीच आधी? लग्न मी आधी, पोट मी आधी. तू नुसती माझ्या मागनं ये गुरवाच्या बैलागत."

पूनम इतकी हसली, की आतून तिच्या सासूनं हाक मारली.

मला आदल्या संध्याकाळचं आठवलं. आम्ही जेवत होतो. तालुक्याच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. गरोदर बायकांच्या रकान्यात उंबरवळ्यापुढे शून्य दिसतंय, म्हणून त्यांनी आईला झापलं होतं.

"जानेवारीत म्हणले, गरवार बाईला अजिबात द्यायची न्हाई," आई म्हणाली. "मी तवा दारोदार तेच सांगितलं. आता म्हणत्यात द्याच. पोटातलं पोर काय कागद बघून बदलतंय व्हय?"

"संशोधन झालं असेल मधल्या काळात," मी म्हटलं.

"झालं असंल की. पर उद्या एखादीचं पोर पडलं तर संशोधन येणार न्हाई दारात. लोक येणार, आणि माझ्या दारात येणार."

ती उगाच बोलत नव्हती. मी लहान असताना वाडीवरच्या एका बाईला तिनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. पुढे त्या बाईला मेलेलं मूल झालं. इंजेक्शनचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी त्या घरच्यांनी आईला बालवाडीच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. संध्याकाळी सरपंचांनी कडी काढली तेव्हा ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्शनं घेऊन त्याच वाडीवर गेली. धनुर्वाताच्या सुईवर तिचा विश्वास होता. त्या सुईसाठी तिनं उसात लपलेल्या बायका हाताला धरून बाहेर काढल्या होत्या. या नव्या लशीबद्दल मात्र तिचं मन धजत नव्हतं.

"माझं काय मग?" राणीनं विचारलं. तिची दोन मुलं आधी पोटातच, तिसऱ्या महिन्याच्या आत गेली होती. तिच्या सासूबाई, वत्सला आत्ती, रोज फोन करून सांगायच्या, की आमच्या नातवाला कायबाय टोचून घेऊ नका.

"तुझं आपण मागनं बघू," आई म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

म्हणून त्या दुपारी छबू धावत आली तेव्हा मला नवल वाटलं. छबू कांबळे गावची आशा, म्हणजे आरोग्य खात्याची घरोघर फिरणारी बाई. ती अंगणातूनच ओरडली, "आक्का, राणीला घिऊन चला शाळेत! सिस्टरनी बोलावलंय. बाया हटून बसल्यात."

एका पायाची नखं राहिली होती. "ऱ्हाऊ दे, आल्यावर काप," असं म्हणून राणीनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

शाळेच्या वर्गात गरोदर बायका पहिलीच्या पोरांच्या बाकांवर बसल्या होत्या. बाक इतके अरुंद की पुढे पोट मावत नव्हतं, म्हणून सगळ्या तिरक्या बसल्या होत्या. आई टेबलाशी उभी होती. निळा डबा उघडा होता. मास्कवरती तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"पोट वाढवताना भ्याला न्हाईसा," ती म्हणत होती, "आणि एवढ्याशा सुईला भिताय? नवऱ्याची ताकद दाखवायला आलाय काय हितं, का माझी बघायला?"

काही हसल्या. पण कुणी उठलं नाही.

"सिस्टर, तुमी काय बी म्हणा," भिंतीकडची एक म्हणाली. तिनं तोंडावर पदर धरला होता आणि ती अधूनमधून खोकत होती. "तुमची राणी आली की. आता तिला द्या आमच्यासमोर."

"त्यासाठीच बोलावलीया," आई म्हणाली.

राणीनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. तिला काही विचारायचं होतं, पण सगळा वर्ग बघत होता.

"शैला, तू दारात थांब," आई मला म्हणाली. "उजेड अडवू नकोस."

मी दारात थांबले. आईनं बाटली फोडली, सुईत लस ओढली, खुर्ची फिरवून राणीला बसवलं आणि स्वतः तिच्या आणि बायकांच्या मध्ये उभी राहिली. डाव्या हातात कापसाचा बोळा होता. मला आईची पाठ आणि राणीचा गाल एवढंच दिसत होतं.

"डोळं मीट."

"आई गं!" राणी एकदम ओरडली.

बायका हसल्या. "सिस्टरची लेक आणि एवढी भित्री!" कुणीतरी म्हणालं.

आईनं बोळा तिच्या दंडावर दाबून धरला. राणीच्या हिरव्या ब्लाउजची बाही भिजली होती. एक थेंब कोपरापर्यंत ओघळला.

"स्पिरिट जरा जास्त झालं," आई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

राणी उठली आणि बायकांकडे तोंड करून म्हणाली, "काय न्हाई. मुंगी चावल्यागत हाय."

मग एकेक बाई उठली. ती खोकणारीही उठली. "धुरानं घसा धरलाय," म्हणाली. छबू नावं टाकत होती आणि आई टोचत होती. कुणाला शिवी देत होती, कुणाच्या पाठीवर थाप मारत होती. सगळ्यांनी घेतली. लस घेतलेल्यांनी अर्धा तास तिथंच बसायचं, असा नियम होता. राणीही त्यांच्यात बसली. त्या खोकणारीच्या शेजारीच जागा होती. दोघी एका मोबाइलवर बाळांची नावं बघत होत्या.

घरी येताना मी विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई," राणी म्हणाली. दंड चोळत ती पुढे चालत राहिली. राहिलेल्या नखांचं तिच्या ध्यानात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात लस घेतलेल्या बायकांना ताप आले. आई घरोघर जाऊन गोळ्या देऊन आली. "ताप आला म्हंजे लस लागू पडली," असं सांगत होती. राणी ठणठणीत होती. चौथ्या दिवशी, बाकीच्यांचे ताप उतरून त्या शेतात भांगलणीला गेल्या, तेव्हा तिला ताप आला.

छबू दारात येऊन म्हणाली, "सिस्टर, समद्यांचं झालं. राणीचा आत्ता कसा आला ताप?"

"पहिलटकरीण हाय," आई म्हणाली. "अशा बाईला लशीचा ताप जरा मागनं येतो."

"लशीचाच हाय न्हवं?"

"मग कसला? तू शिकवतीस काय मला?"

छबू गेली. आईनं दार लोटलं, खिशातून बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं आणि राणीच्या बोटाला लावलं. बघितलं, पुसलं आणि परत खिशात ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

"तपासणी करायची का?" मी विचारलं. "किट आहे ना तुझ्याकडे?"

"किट सरकारी हाय. नाव टाकावं लागतंय. एकदा टाकलं की गावभर होईल, लशीनं कोरोना झाला म्हणून. मग एक बाई हात पुढं करणार न्हाई माझ्यासमोर. करून ठेवलेलं समदं पाण्यात."

मला तेव्हा तिचा अभिमान वाटला. घरात लेक तापली आहे आणि ही बाई गावाचा विचार करते आहे, असं वाटलं. मी पेज केली. राणीनं दोन घास खाल्ले आणि वाटी सारली.

"वास येत न्हाई गं कसलाच," ती म्हणाली.

आई चुलीपुढे बसली होती. तिनं मान वळवली नाही.

तापाचा दुसरा दिवसही दुपारपर्यंत तसाच गेला. गडग्यापलीकडून पूनमनं विचारलं तेव्हा आईनं तिलाही तेच सांगितलं, लशीचा ताप हाय, उतरंल. दुपारनंतर राणीला आडवं पडवेना. भिंतीला टेकून ती बसली आणि एकेक शब्द तोडून बोलायला लागली. आईनं बोटाला यंत्र लावलं. या वेळी तिनं ते पुसलं नाही. तसंच मुठीत धरून उठली आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. बोलताना तिचा आवाज अगदी कामावरचा होता. नाव, गाव, महिना, सगळं नीट सांगितलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात आम्हाला व्हरांड्यात थांबवलं. आत खाट रिकामी होत होती. राणी चाकाच्या खुर्चीत होती, शेजारी सिलिंडर, तोंडावर नळीचा मास्क. आई केसपेपर काढायला खिडकीकडे गेली. मी राणीचे पाय चोळत बसले. एका पायाची नखं कापलेली होती, दुसऱ्याची तशीच.

"आक्का," तिनं मास्क बाजूला केला.

"बोलू नकोस. राहू दे."

"ऐक. हा ताप लशीचा न्हाई."

"डॉक्टर बघतील आता."

"मला लस दिलीच न्हाई गं." ती थांबली, श्वास घेतला. "सुई कापसात घातली. समदं कापसात सोडलं. आणि आईनं मला चिमटा काढला. नखानं. म्हणून ओरडले मी."

तिची हिरवी बाही माझ्या डोळ्यांसमोर आली.

"मला तवाच कळलं. पर समद्या बघत हुत्या. आई भ्याली हुती गं. माझी दोन गेली न्हवं आधी, म्हणून." पुन्हा श्वास. "तिला काय बोलू नको. ती मरंल."

"नाही बोलणार."

"आणि पूनमला सांग. तिला घ्यायला लाव. तिची सासू माझ्यावर अडून बसलीया." मास्क पुन्हा तोंडावर धरून ती हसली असावी. मास्कच्या प्लास्टिकवर वाफ धरली. "सांगशील न्हवं?"

"सांगेन," मी म्हटलं. दोन्हीला हो म्हटलं.

आई कागद घेऊन आली. मागोमाग एक तरुण डॉक्टर आले. अंगावर तो पांढरा प्लास्टिकचा पोशाख, हातात पेन. त्यांनी महिना विचारला, ताप कधीपासून ते विचारलं. मग विचारलं, "पेशंटची लस झालीय?"

"झालीया," आई म्हणाली. "पहिला डोस."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी आईकडे पाहिलं. आईनंही माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढली नाही. त्या क्षणी तिला कळलं, की मला माहीत आहे. मग तिनं खुर्चीचे दांडे धरले आणि राणीला आत ढकलत नेलं.

बाळ पोटातच गेलं. ते आम्हाला सांगितलं, दाखवलं नाही. त्यानंतर राणी फार काळ राहिली नाही. तिलाही आम्ही लांबूनच पाहिलं, चेन ओढलेल्या पिशवीत. पाय कुठल्या बाजूला आहेत, तेही कळत नव्हतं. तिचा नवरा सीमेवरून निघून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नगरपालिकेच्या माणसांनीच अग्नी दिला.

पोटुशी बाई गेली की आमच्याकडे तिची भीती धरतात. ती परत येते म्हणतात. तिरडीमागे राळे टाकायचे, म्हणजे ती दाणे वेचत बसते आणि घरापर्यंत पोचत नाही. राणीची तिरडीच नव्हती. तरी वत्सला आत्तींनी आपल्या उंबऱ्यात खिळे ठोकून घेतले. राणीच्या साड्या परत आणायला मी गेले तेव्हा ते नवे, चकचकीत खिळे मला ओलांडावे लागले. साड्या बोचक्यात बांधून अंगणातच ठेवल्या होत्या. वरच्या साडीवर तिच्या डोहाळजेवणाची हिरव्या बांगड्यांची पुडी होती.

आई अशा गोष्टींना आयुष्यभर शिव्या देत आली होती. मी खिळ्यांचं सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "ठोकू देत."

दहाव्याच्या आधी वत्सला आत्ती आमच्या दारात आल्या. घरात आल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून ओरडल्या. गडग्यावर, रस्त्यावर लोक जमले.

"नको म्हणत हुते मी! रोज फोन करून सांगत हुते! तू मारलीस तिला, शालन. सायबाला आकडा दाखवायला तू पोटच्या पोरीला सुई टोचलीस. माझा नातू मारलास!"

आई दारापुढच्या सोप्यात बसली होती. हात मांडीवर. मला वाटलं, आता ती बोलेल. नाही टोचली म्हणेल. एवढं म्हटलं असतं तरी तो आळ जागीच गळून पडला असता.

"व्हय," आई म्हणाली. "मीच टोचली."

वत्सला आत्तींनी अंगणातली माती उचलून तिच्या अंगावर फेकली. आईनं ती झटकली नाही.

त्या दिवसापासून गावात एकच बोललं जायला लागलं, सिस्टरची लेक सिस्टरच्या सुईनं गेली. दवाखान्यानं कोरोना सांगितला, तर तोही सुईनंच झाला म्हणाले. शाळेत लस घेतलेल्या बायका, आता त्यांतली एकही आजारी नव्हती, त्या रडून आपल्या पोटांवर हात फिरवत बसायच्या. छबूला लोक दारात उभं करेनात. एका घरानं तर धनुर्वाताचं इंजेक्शनही नाकारलं. ज्या सुईसाठी आईनं कडी घातलेल्या खोलीत दिवस काढला होता, तीच सुई. छबूनं हे सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला आणि पुढचा शोधायला लागली.

तेरावं झालं. पुढच्या लसीकरणाचा दिवस आला. आई पांढरी साडी नेसली आणि डब्यात बर्फ भरायला लागली. आदल्या दिवशी पूनमचा दीर तापला होता आणि खोकत होता. त्यांच्या घरात एकच खोली, एकच माळा.

"आई, पूनमला सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"तुला ठाऊक आहे."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "राणीनं तुला सांगितलंय."

"हो."

"मग हेबी सांगितलं असंल, की आईला बोलू नको."

मी डब्यावर हात ठेवला.

"मला माझी पोर माहीत हाय," आई म्हणाली. "मेलेल्या पोरीचा शब्द मोडायचा असंल तर मोड बाई. तू शिकलेली हायस." डबा उचलून ती बाहेर पडली. मी तिच्या मागोमाग गेले.

शाळेत सगळे बाक रिकामे होते. टेबलावर कापूस होता, सुया होत्या, लशीची बाटली डब्यात बंद होती. छबू भिंतीला टेकून बसली होती. बाहेर पत्र्याच्या शेडखाली बायका उभ्या होत्या. लस घ्यायला नाही, बघायला. त्यांच्यात पूनमची सासू, गुरवीण काकू होती. बराच वेळ कुणी आत आलं नाही. आई खुर्चीवर ताठ बसून होती, जशी परीक्षेत पर्यवेक्षक बसतात.

मग पूनम आली. शेडखालून सासू मागून तिला काहीतरी घाण बोलली, ते आम्हाला आत ऐकू आलं. पूनम येऊन आईसमोर उभी राहिली. पोट आता चांगलं दिसत होतं.

"दीर खोकतोय," ती म्हणाली. "माझ्या आईनं फोन करून सांगितलं, जाऊन घे म्हणून. सासू म्हणती, घेतलीस तर घरात यायचं न्हाई."

"मग?"

"तुमी सांगा, सिस्टर. एकच सांगा. राणीला सुईनंच झालं काय?"

आईनं टेबलावरचा कापूस हातात घेतला आणि त्याचा बोळा वळायला लागली. वळून झाला तरी वळत राहिली.

"तुमी न्हाई म्हणालासा तर मी आत्ता हात पुढं करती," पूनम म्हणाली. "मी राणीला म्हटलं हुतं, तू घेतलीस की मी घेती."

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "देवाला ठाऊक. मी तुला घे म्हणत न्हाई आणि नको म्हणत न्हाई."

"असं कसं वो?"

"माझी लेक गेलीया बाई. मला काय विचारू नकोस."

पूनमचे डोळे भरले. तिनं आईच्या खांद्याला हात लावला, सांत्वन करतात तसा. मग पदर पोटावरून ओढून घेतला आणि दाराकडे वळली. शेडखाली गुरवीण काकूंनी समाधानानं मान हलवली.

दारात मी उभी होते, मागच्या वेळी उभी होते तिथंच. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको. लहानपणी पाहुण्यांसमोर आम्ही दुसरा लाडू मागायला लागलो की ती हलवायची, तेवढीच.

मी पूनमचा हात धरला आणि तिला परत आत आणलं. बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून मी वर्गात शिकवतानाच्या आवाजात बोलले.

"खुर्चीवर बस, पूनम. राणी लशीनं गेली नाही. राणीला लस दिलीच नव्हती. सगळी लस कापसात सोडली, आणि तुम्हाला खरं वाटावं म्हणून आईनं तिच्या दंडाला नखानं चिमटा काढला. तेवढ्यानं ती ओरडली होती."

शेडखालच्या बायका दाराशी सरकल्या. आईच्या हातातला बोळा टेबलावर पडला.

"आई, बाटली उघड," मी म्हटलं. "हिला चिमटा नको. हिला लस दे."